पाय धुवायचा रविवार

मी मार्था, माहेर तिरोडीचं, बाप मँगनीजच्या खदानीत दगड फोडे. आज्यानं बाप्तिस्मा घेतला तवा त्याले वाटलं का आता महारवाडा सुटला, पन काय सांगू तुम्हाले, सुटला नाई, तो आमच्या मागंमागं चर्चमधी आला.

लग्न होऊन बालाघाटले आली तं इथंही तेच. मोठ्या जातीतून येशूकडं आले ते पुढच्या बाकावर, आमी मागं खाली सतरंजीवर. प्रभुभोजनाचा प्याला त्याईचा अलग, आमचा अलग. येशूचं रक्त एकच म्हनायचं अन् दोन भांड्यात वाढायचं, मले तवाही घिन ये, आताही येते.

माय म्हातारपनी माझ्यापाशीच राहे. भर बरसातीत गेली. कबरस्तानात मधात भिंत, अलीकडं उंचावर ते, पलीकडं नाल्याच्या अंगाले आमी. खड्डा खोदला तं पानी भरलं. घरवाला चर्चच्या कमेटीच्या सेक्रेटरीकडं गेला, म्हने साहेब, तिकडं जागा द्या. ते म्हने जागा नाई. अवो, जागा होती ना, कमरेएवढं गवत होतं, म्हशी चरत. मायची पेटी पान्यावर तरंगे, तं मानसाईनं बांबूनं दाबून धरली, मंग माती टाकली. हे मी डोयानं पाह्यलं.

आता नवा पादरी आला, जवान पोरगा. त्यानं म्हाताऱ्याईकडून सारं ऐकलं अन् म्हने हे पाप हाय, सर्वायसमोर कबूल करू. ठरलं का एका रविवारी पुढच्या बाकावाले आमचे पाय धुतील, येशूनं चेल्याईचे धुतले तसे. मी सर्वायत म्हातारी, मले पहिल्या खुर्चीवर बसवलं. धुवाले कोन, तं जोसेफबाबू, त्याच सेक्रेटरीचा पोरगा, आता तोच सेक्रेटरी हाय. त्यानं लोट्यानं वरूनच पानी सोडलं, बोट लावलं नाई, फोटोपुरता हात खाली आनला. अन् उठता उठता खिशातून शिशी काढून हाताले सॅनिटायझर लावलं. न शिवता लावलं, पाहा.

मी पाय ओढून घेतला. म्हनलं, जोसेफबाबू, माझे पाय मी घरी धुतो, तुमी ते भिंत पाडा.

एक बाई मागून म्हने, मावशी, आज क्षमेचा दिवस हाय. मी चपला घातल्या अन् तशाच ओल्या पायानं निघाली.

पादरी माझ्या बाजूनं लय भांडला. कमेटी बसली, मंग आनखी बसली, अन् निघालं काय, तं भिंतीत एक फाटक. भिंत तशीच. फाटकावर हिंदीत लिवलं, हम सब एक हैं. कुलूप हाय त्याले, किल्ली जोसेफबाबूच्या घरी. मले फीत कापाले बोलावलं होतं, हसू का थुकू असं झालं, गेली नाई. पादरीची बदली होऊन राह्यली म्हनते.

पोरगी म्हनते, माय, काहून जातं अजून, कटंगीचे आपले सोयरे विहारात जातात, आपनही जाऊ. मी म्हनतो, येशू काई जोसेफबाबूच्या बापाचा नाई. जातो, बसतो, डोये मिटतो. पन जोसेफबाबूसाठी मले काई मागता येत नाई, खरं सांगतो, जीभच अडते. त्याच्या नातवंडाईसाठी मागतो, का देवा, ह्या लेकराईले तरी आमचा विटाळ वाटू देऊ नको. तेवढंच निघते तोंडातून.