बुआज्जांचं खोगीर

मोरोक्कोतल्या फेस शहराच्या खोगीरगल्लीत, इद्रिसच्या दुकानात मी लगाम शिवून मिळायची वाट बघत होतो. माझ्यापुढे म्हातारे बुआज्जा आपलं रेशीमकामाचं खोगीर विकायला आले होते.

"गुडघे गेले, इद्रिस. ठेवून काय करू?"

"मुलीला द्या की, काका."

"बाईमाणसानं जत्रेत बंदुकीचे बार काढत घोडा फेकायचा? मी जिवंत आहे अजून!"

"परवा ती इथंच होती. बायकांच्या घोडेस्वार पथकात शिरलीय. माझ्या नऊ खोगिरांवर बसून पाहिलं तिनं."

"घेतलं कुठलं?"

"नऊही नापास! म्हणाली, लहानपणी बाबा पुढ्यात बसवायचे, तेव्हा खोगीर करकरायचं. तसं एकही करकरत नाही."

बुआज्जांनी खोगीर जवळ ओढलं.

"रिकिबी चार बोटं वर घे. पाय आखूड आहेत तिचे, आईसारखे."