भाऊजींचा डोळा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझा नंबर सतरावा होता. पुढच्या बाकावर ऑपरेशनला आलेले एक शिंपीकाका आणि सोबतीला त्यांचा मेहुणा. आपल्या संघाने वीस वर्षांपूर्वी जिंकलेल्या कपाची उजळणी चालली होती.

"पहिल्या दोन मॅच हरलो होतो, भाऊजी. लोक म्हणत होते, बॅगा भरा आणि घरी या."

"मग जिंकायला कधी लागलो?"

"तुम्ही जिन्यात बसायला लागल्यापासून."

"बसायला लागलो नाही, तुम्ही सगळ्यांनी बसवलंत. मी टीव्हीसमोर आलो की विकेट पडते म्हणे!"

"सेमीफायनलला पाणी प्यायला आत आलात, तेवढ्यात दोन गेल्या."

"तहान लागली होती रे! आणि फायनलचा शेवटचा सिक्स मी तुमच्या आरडाओरड्यावरून ओळखला."

"म्हणून तर कप आला. निम्मा तुमचाच."

"ते राहू दे. या रविवारी पुन्हा फायनल आहे. यंदा मी पहिल्या खुर्चीत बसून बघणार. मोतीबिंदू काढतोय तो त्यासाठीच."

"बसा की, खुशाल बसा."

"इतक्या सहज हो म्हणालास? ऑपरेशनची तारीख कोणी घेतली रे?"

"मीच."

"पट्टी कधी सुटणार?"

"सोमवारी."

तेवढ्यात नर्सने काकांना हाक मारली. ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"अरे, पण पट्टी एकाच डोळ्याला ना?"

"हो."

"मग दोन्हींना बांधायला सांग. उगाच धोका नको."