पोकरचा चेहरा आणि कोंबडी-वडे

अरे, मी एकटा काय काय करणार? मालवणी मसाल्याचा ऑनलाइन धंदा, बोरिवलीत जिम आणि वर पोकरचा क्लास! पोकरचे सर सांगतात, "हातात कसलेही पत्ते असोत, चेहरा हलता कामा नये."

परवा मसाल्यासाठी मालवणला गेलो होतो. पुढ्यात कोंबडी-वडे आले आणि नेमका मला डाएटवर ठेवणाऱ्या जिमच्या ट्रेनरचा, संदेशचा व्हिडिओ कॉल! ताट पटकन बाजूला सरकवलं.

"दादा, जेवणात काय?"

"उकडलेली अंडी आणि काकडी." चेहरा एकदम दगड!

"झकास! पोकर जमलं की तुम्हाला."

मी खूश.

"पण दादा, मसाला मीपण तुमच्याकडूनच घेतो ना? आत्ताच तुम्ही टाकलेलं धंद्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस बघितलं. 'आमच्या मसाल्यातले गरमागरम कोंबडी-वडे', फोटोत तुम्हीच! ताट ओढा पुढ्यात, निवतंय."