बारा भोपळे

हार्टफर्डच्या नव्या बेसबॉल संघात भरतीसाठी रांग लागली होती. एफ्रम टटलला काहीही करून आत शिरायचं होतं. दारातच संघाचे व्यवस्थापक उभे होते.

“कोणाला खरं वाटणार नाही, साहेब, पण यंदा बारा सामन्यांत मी समोरच्यांना भोपळा फोडू दिला नाही!”

“बॉल तू टाकायचास?”

“मीच! असा सुसाट, की वाऱ्याने पंचांची मिशी उडायची.”

“आणि झेलायचा कोण?”

“होता कुणीतरी. नुसत्या हातांनी झेलायचा बिचारा. त्याला कोण विचारतो?”

“हात दाखव बघू.”

एफ्रमने हात खिशात घातले.

“दाखव रे! अरे, दहाही बोटं वाकडी? लबाडा, ते बॉल तू टाकले नाहीस, झेललेस! चल आत, आम्ही झेलणाराच शोधतोय.”