एक्केचाळीस नंबरचा तुकडा

नोरीन : पुन्हा सांग. हात कितव्या तुकड्यासाठी वर केलास?

रसेल : एक्केचाळीस.

नोरीन : आणि आज टपालाने आलेल्या या नकाशात एक्केचाळीसमध्ये कोण राहतं?

रसेल : आपण.

नोरीन : म्हणजे सप्टेंबरपासून आपली मारेन जुन्या शाळेत, आणि ओढ्यापलीकडच्या गिल हाउगेनची सिग्ने नव्या शाळेत. स्वतःची बर्फावरच्या हॉकीची रिंक असलेल्या शाळेत. आणि शाळांच्या हद्दी आखणाऱ्या समितीत पालकांतर्फे कोण बसलं होतं? माझा नवरा.

रसेल : नऊजण होतो. पाच विरुद्ध चार असं झालं.

नोरीन : पाचवा कोण?

रसेल : तसं बघितलं तर मी.

नोरीन : कोणी म्हणालं होतं का, की रसेलला हलवा?

रसेल : नाही. मूळ आराखड्यात दोन्ही तुकडे नव्या शाळेतच होते. मुद्दा मी मांडला. बसचा फेरा, वर्गांचा समतोल, समाजाचं हित. सात मिनिटं बोललो. एक बाई डोळे पुसत होत्या.

नोरीन : माणूस स्वतःच्या घराविरुद्ध सात मिनिटं बोलतो कसा?

रसेल : मला ते गिलचं घर वाटलं.



नोरीन : बोल पुढे.

रसेल : नकाशावर गल्ल्यांची नावं झाकलेली होती. कुणी आपल्या घराची वकिली करू नये म्हणून. नुसते आकडे. पण ओढा दिसत होता ना. ओढ्याच्या उजवीकडे गिल, डावीकडे आपण, हे मला झोपेतसुद्धा सांगता येतं.

नोरीन : मग?

रसेल : नकाशा टेबलाला चिकटवलेला होता, अध्यक्षबाईंच्या बाजूने. मी समोर बसलो होतो. कॉफी त्या बाजूला होती.

नोरीन : म्हणजे तू उलटा नकाशा वाचलास. उत्तरेचा बाण नव्हता का त्यावर?

रसेल : त्यावर माझा कप होता.

नोरीन : शेजाऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून लोक आपलं नाक कापून घेतात, हे ऐकून होते. तू त्याचंच नाक समजून आपलं कापलंस. अरे, हेवा मीही करते. अकरा वर्षं करतेय. त्यांचं तळ्याकाठचं घर, ती बोट, त्याच्या बायकोचे, कार्लाचे, जूनमध्येच पिकणारे टोमॅटो. पण आपल्या घराला कधी ओरखडा येऊ दिलाय? हेवा करायचा तर नीट करावा माणसाने.

रसेल : मी मारेनसाठी केलं. सिग्ने गोल राखते आणि आपली बाकावर बसून तिच्या बाटल्या भरते. तीन वर्षं. सिग्ने दुसऱ्या शाळेत गेली असती, तर इकडे गोलात मारेनच उभी राहिली असती.

नोरीन : ते सांग तिला. वर दार लावून बसलीय. मैत्रीण गेली, एवढंच तिला कळतंय. सहा वाजता शिक्षण मंडळाची सुनावणी आहे, आज शिक्का बसला की संपलं. प्रत्येकाला दोन मिनिटं देतात. उभा राहा, चूक झाली म्हण, मत मागे घे. पाचाचे चार होतील.

रसेल : आणि कोणाचं घर समजला होतात, असं विचारलं तर?

गिल : कोणी आहे का? दार उघडंच होतं. कार्लाने लिंबाच्या वड्या केल्या होत्या. जरा जास्त झाल्या.

नोरीन : तिच्या नेहमीच जास्त होतात, गिल. ये ना. बस.

गिल : बसत नाही. नकाशा आम्हालाही आला. सोबत कोणी कसं मत दिलं, तेही छापलंय.

रसेल : हो. छापतात ते.

गिल : मला बोलता येत नाही फारसं. पण रसेल, आख्ख्या वस्तीत तुझंच नाव निघतंय. आपलंच घर उचलून बाजूला ठेवणारा माणूस. ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्या बाई कार्लाला दुकानात भेटल्या. सात मिनिटांचं सगळं सांगितलं त्यांनी.

रसेल : नावं झाकलेली होती, गिल.

गिल : असा ओढा काय दोन ठिकाणी आहे? मला कळलं असतं. मी मूळ आराखड्यालाच गपचूप हात वर केला असता, आणि वर रात्रभर झोपलोही असतो. खरं सांगू? मला तुझा हेवा वाटला. वाईट सवय आहे, पण वाटला.

नोरीन : तुला? ह्याचा?

गिल : म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं. आज मीही दोन मिनिटं मागितलीत. आमचा तुकडाही जुन्या शाळेला जोडा म्हणून सांगतो. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्यात. पोरी एकत्र राहतील. रिंक काय, तळं गोठलं की रिंकच.

नोरीन : सिग्नेला चालेल?

गिल : तिनेच सुचवलं. म्हणाली, मारेन नसेल तर बाकावरून माझ्यावर ओरडणार कोण? बरं, जागा धरतो तुमची. पहिल्या रांगेत.

नोरीन : गेला. वड्याही चांगल्या झाल्यात, मेल्या. आता मोठेपणासुद्धा त्यांच्याच घरात.

रसेल : पण आता बोलायची गरज काय? पोरी एकत्र राहतायत.

नोरीन : जुन्या शाळेत. तुझ्या कपापायी. आणि ती सिग्ने आपल्यासाठी रिंक सोडणार, ते मी जन्मभर ओढ्यापलीकडून बघायचं? मुळीच नाही. तू उठून सांगायचंस. दोघी नव्या शाळेत जाऊ देत.

रसेल : तो पहिल्या रांगेत असेल.

नोरीन : मग त्याच्याकडे बघून सांग. मारेनला हाक मारते. साडेपाच वाजले, निघायला हवं.

रसेल : पाच मिनिटं थांब ना.

नोरीन : कशाला?

रसेल : अजून त्याला माझा हेवा वाटतोय.