मामाचा हात

मंचरच्या स्टुडिओत शीलाताई पासपोर्ट फोटोसाठी थांबल्या होत्या. शेजारी हिराबाई नावाची बाई एडिटरच्या कॉम्प्युटरवर लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ बघत होती.

“भाऊ, मंगलाष्टकं चाललीत, पण आमचा यमाजी कुठाय? मामा तर नवरीच्या पाठीशीच उभा व्हता.”

“मावशी, हा नवरीचा क्लोजअप. यात मागचा माणूस येत न्हाई.”

“लांबून घेतलं असंल की.”

“लाँग शॉटमधी पावण्यांची डोकी आडवी आली.”

“बघा वो जरा. गेल्या महिन्यात वारला माझा भाऊ.”

एडिटरनं बराच वेळ माऊस फिरवला.

“नवरीच्या खांद्यावर त्यांचा हात व्हता, तेवढा शॉट हाय. कॅमेरा चुकून खाली सरकला, म्हनून मी एडिटिंगला कापला व्हता.”

“टाकून दिला?”

“न्हाई, कच्च्या शूटिंगमधी हाय. चार सेकंद. स्लो केला तर आठ.”

“मग आठ करा.”

“पण मावशी, ऐन मंगलाष्टकात तेवढा वेळ नवरीचं तोंड दिसायचं न्हाई.”

शीलाताईंचे फोटो तयार होते, पण त्या उठल्या नाहीत.

“लेक निमगाव साव्यात दिलीय, भाऊ. तिचं तोंड मी कवाबी जाऊन बघंन.”