नवसाचं कुलूप

...आणि वर वर्गातली पोरं मलाच विचारतात, "काकी, पासवर्ड विसरलात कशा?" अहो, विसरले कुठे! एक सोडून चार आठवत होते, तोच तर घोटाळा! तुम्हाला सांगते बायांनो, वाणाची पिशवी जरा खाली ठेवा आणि ऐका, कारण आजवर मी हे कोणाला म्हणजे कोणाला बोलले नाही. विषयच न बोलण्याचा! क्रिप्टोग्राफी! गुपित राखायचं शास्त्र. विद्यापीठात शिकवतात हो, मार्क असतात त्याला!

आता भिसेगावची ही संध्या, मंगळवारचा उपास, संकष्टीचे मोदक, ही त्यात पडली कशी? तर लग्न ठरलं तेव्हा पदवीचं शेवटचं वर्ष राहिलं होतं, ते राहिलंच. पोरगा नोकरीला लागला, हे रसायनीला कारखान्यात पाळीवर, म्हटलं आता तरी पुरं करू. शनिवार-रविवार एसटीनं खालापूरला जायचं, कॉलेजात बसायचं. हे म्हणाले, "जा की. पण नापास झालीस ना, तर पुन्हा हा विषय घरात काढायचा नाही." हसत म्हणाले. पण तुम्ही जाणता, आपली माणसं खरं बोलायचं तेव्हाच हसतात...

पहिल्याच तासाला कमलेश सर, माझ्या पोराच्या वयाचे, फळ्यावर डस्टर आपटून म्हणतात, "पासवर्ड कोणाला सांगायचा नाही! आईला नाही, बायकोला नाही, कुठे लिहायचा नाही!" मी मनात म्हटलं, सर, हे मला शिकवता? जन्मभर नवस बोलत आलेली बाई मी! फिटेपर्यंत नवस ओठाबाहेर काढला तर फळतो का? कोणाला सांगायचं नाही, हे तर मी आईच्या मांडीवर शिकले.

पण पुढचं काय ते! पुस्तकातली ती अॅलिस, तिच्या गुप्त चिठ्ठ्या ज्याला जातात तो बॉब, आणि मधे कान लावून बसलेली ती ईव्ह. मी घरी मोठ्यानं वाचत होते, तर आमच्या सासूबाई, मोतीबाई, तांदूळ निवडता निवडता म्हणतात, "कोन गं ती अॅलिस? सारकी चिठ्ठ्या लिवतंय. घरात काय काम नाय का तिला?" मी म्हटलं, आई, दोन किल्ल्या असतात, एक साऱ्या गावाला वाटायची आणि एक कंबरेला खोचून ठेवायची. तर म्हणतात, "गावाला वाटायची? मंग कुलूप लावायचंच कशाला गं?" आता काय सांगू? मलाही तेव्हा तीच शंका होती!

नाही म्हणायला एक गणित मला पटकन आलं. भागाकार सोडून द्यायचा आणि उरेल ती बाकी धरायची. सोळा सोमवारांचं उद्यापन कुठल्या तिथीला येतं हे बोटांवर काढणारी मी, मला काय अवघड? सर म्हणाले, "वा काकी!" त्या दिवशी एसटीत मी उभ्यानं आले, पण पाय जमिनीवर नव्हते.

आणि मग ते प्रॅक्टिकल... एका फाईलला आधीच कुलूप लावायचं, सहामाहीभराचं काम तिच्यात टाकत जायचं, टाकायला ती गावाला वाटलेली किल्ली चालते, आणि परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंसमोर कंबरेची किल्ली, म्हणजे पासवर्ड, घालून आपल्या हातानं उघडून दाखवायचं. सर म्हणाले, "लांबलचक वाक्य घ्या. फक्त तुमच्याच मनात असलेलं. कोणाला सांगायचं नाही!" आता माझ्या मनात तेव्हा काय होतं? नवस! गावदेवीला बोललेला! तोच घातला की मी इंग्रजी अक्षरांत. इतकं भक्कम कुलूप वर्गात दुसऱ्या कोणाचं नसेल!

पण बायांनो, आपला नवस एका जागी राहतो का? चाचणीत कमी मार्क पडले, मी नवसात पाच नारळ वाढवले. तोंडी परीक्षेला ततपप झालं, खण वाढवला. परीक्षेची तारीख लागली, तेव्हा जरीकाठाच्या साडीवर आले. देवीशी माझं बोलणं रोज पुढे जात होतं, आणि ते यंत्र बसलं होतं पहिल्याच बोलीवर अडून!

परीक्षेच्या दिवशी बाई म्हणाल्या, "उघडा." मी साडीचा नवस टाईप केला. चूक. खणाचा. चूक. नारळांचा... चूक! बाई म्हणतात, "अहो, घरी फोन करा, मिस्टरांना माहीत असेल." त्यांना? नवस? मी फोन तसाच पिशवीत टाकला. सर कपाळाला हात लावून, "काकी, कोणाला सांगायचं नाही म्हटलं होतं, स्वतःलासुद्धा नाही असं नव्हतं म्हटलं!" बाईंनी पेन उचललं. "आता शेवटचं. नाहीतर मला शून्य लिहावं लागेल." माझ्या डोळ्यांपुढे आमचे हे, हसताना...

मी डोळे मिटून पुटपुटायला लागले. मागून कोणी तरी म्हणालं, "काकी मंत्र म्हणतायत." तशी शेजारची हर्षला, गोड पोर, त्याला दटावते, "गप रे! प्रॅक्टिकलच्या पहिल्या दिवशी पण तुम्ही सगळे असंच हसला होतात त्यांना."

पहिल्या दिवशी! अगं बाई! तेव्हा मी माऊस उलटा धरला होता आणि सगळी पोरं फिदीफिदी हसली होती, आणि लगेच मी कुलूप लावायला बसले होते. पास होण्याचं तेव्हा कुठलं मनात? मी बोलले होते, "गावदेवी, इथं मला कोणी हसू नये, तुझी ओटी भरीन." एवढंच. टाईप केलं... आणि उघडली हो फाईल! मी उठून कॉम्प्युटरला हात जोडून नमस्कार केला, आणि अख्खा वर्ग हसला! सर हसले, पेन टाकून बाई हसल्या!

म्हणजे बघा, पास झाले, निकालही लागला, पण नवस? कोणी हसू नये म्हणाले होते, आणि हसायचं राहिलं कोण? सासूबाईंना नवस न सांगता नुसतंच विचारलं, अर्धाच फळला तर ओटी भरायची का, तर म्हणतात, "देवीसंगं घासाघीस करतंस? भर ओटी!" मग ओटी भरली, साडीसकट, खणासकट, नारळांसकट. कुठला लागू पडला काय ठाऊक!

नवस फिटला, म्हणून तर आज तुम्हाला सांगितलं. पोट कसं हलकं झालं... अगं बाई! पण पास झाल्यावर हौसेनं बँकेलाही तोच लावलाय! गॅसला तोच, विजेच्या बिलाला तोच! एकच सगळीकडे वापरू नका म्हणून सर ओरडले होते ते ह्यासाठीच होय! आता आली का पंचाईत? घरी जाऊन सगळे बदलायचे, म्हणजे नवा नवस बोलणं आलं. तसाही तो लागणारच आहे, पुढच्या सहामाहीला ह्याच विषयाचा दुसरा भाग आहे.

काय बोलणार म्हणता? छे, छे, तो नाही सांगायची. आणि ह्या खेपेला, देवीची शपथ, मधे एक नारळसुद्धा वाढवायची नाही!